मामाच्या गोदामात शिरलेली सळई

मी सळई बोलतेय. स्वेटर विणायची नव्हे हं! मी हातभर लांब, पोकळ आणि टोकाला अणकुचीदार. पोत्यात खुपसून मला बाहेर ओढलं, की माझ्यातून मूठभर दाणे निघतात. ते तपासायला जातात. दुसऱ्याच्या पोटातलं बाहेर काढायचं, हाच माझा उद्योग, त्यामुळे गोदामवाल्यांची मी फारशी लाडकी नाही.

माझे पहिले साहेब मला कपाटातच ठेवायचे. पोत्याच्या तोंडाशी हात घालायचे, दाणे हुंगायचे आणि "छान आहेत" म्हणून मोकळे व्हायचे. मी आपली आत गंजत पडलेली. मग बाई आल्या, अन्न तपासनीस म्हणून. त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केलं, तेव्हापासून मी त्यांचीच झाले.

बुरशीचं विष म्हणजे काय, ते मला बाईंमुळे कळलं. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, भाजल्यानेही पुरतं जात नाही. रोज थोडंथोडं पोटात गेलं तर यकृत पोखरतं. म्हणून कायद्याने त्याची मर्यादा ठरवून दिली आहे. पण हे विष मोठं लबाड! सगळ्या मालात सारखं पसरत नाही, कुठल्यातरी कोपऱ्यात दडून बसतं.

एकदा आम्ही शेंगदाण्यांच्या गोदामात गेलो. तिथून बालवाडीच्या खाऊसाठी दाणे जायचे. मालक म्हणजे बाईंचे सख्खे मामा. बाईंचे वडील लवकर गेले, तेव्हा त्यांना सायकल शिकवण्यापासून सगळं मामांनीच केलेलं.

"या भाचीबाई! आज मामावरच धाड का?" मामा हसले. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले. "चाळीस वर्षं ही जीभ माल पारखतेय. चोख आहे बघ."

बाईंनी पुढच्या पोत्यांतून नमुने घेतले. मग म्हणाल्या, "मामा, आता भिंतीकडची पोती दाखव."

"अगं, अख्खी थप्पी हलवावी लागेल! माझ्यावर विश्वास नाही का?"

बाईंनी मला भिंतीच्या दिशेने वळवलं. 

"तुझ्यावर आहे रे. भिंतीवर नाही."

भिंतीला ओल होती. थप्पी हलली, मी एकेका पोत्यात वर, मध्ये, तळाशी शिरले. निकाल आला तेव्हा पुढची पोती चांगली निघाली आणि भिंतीकडच्या पोत्यांत विष मर्यादेच्या कितीतरी वर. बाईंनी माल सील केला.

"चारचौघांत मामाचं नाक कापलंस," एवढंच मामा बोलले.

त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. मला मात्र तीनतीनदा पुसत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी मामा स्वतःच कार्यालयात आले. काखेत एक बरणी होती.

"घरचे दाणे आहेत. नात रोज मूठभर नेते शाळेत. कुठल्या पोत्यातून भरले, आठवतच नाही गं."

"दे, चमच्याने काढते."

"चमचा नको. हिनेच काढ, पार तळापासून."

त्यांनीच मला उचललं आणि मी बुडाला टेकेपर्यंत आत खुपसलं. 

बरणीतही विष निघालं. नातीला डॉक्टरांनी तपासलं. "वेळेवर थांबलात," ते म्हणाले. ते ऐकून मामा बाईंच्या खुर्चीशेजारी बसले आणि लहान मुलासारखे रडले.

आता त्यांची पोती फळ्यांवर असतात, भिंतीपासून हातभर लांब. माल आला की मामा आधी बाईंना फोन करतात.

मी जराशी वाकलेय, पण काम सोडलेलं नाही. तुमच्या दारी आले तर कपाळाला आठ्या घालू नका. पुढची पोती कुणीही दाखवतं. मला मागची दाखवा, कारण कुणाची तरी नात त्यातलेच दाणे खात असते.