सपातेचं पुढचं टोक

ग्रीसमधल्या आमच्या सालामिना बेटाच्या फेरीबोटींना लोक सपाता म्हणतात, म्हणजे चपला. चपट्या, उघड्या, दोन्ही टोकांना सारख्याच. पलीकडच्या किनाऱ्यावर पेरामाला जाताना एक टोक पुढे, परतताना दुसरं. बोट वळवायची भानगडच नाही. चौतीस वर्षं मी त्यातली एक चालवतोय. कुणाला तिच्यात खोट दिसत असेल तर त्याने खुशाल पोहत जावं.

तिच्यावर रडार दोन. मधल्या धुराड्यामुळे एकाला मागचं दिसत नाही, दुसऱ्याला पुढचं. इतकी वर्षं दोन पडदे बघून मान आखडायची. यंदा दोन्हींचं चित्र एकाच पडद्यावर आणायचं ठरलं. मालक पिरेयस बंदरातून बडा तंत्रज्ञ बोलावणार होते. मी म्हटलं, "माझी पुतणी करेल."

लेमोनिया नऊ वर्षं पेरामात कोळ्यांची रडार दुरुस्त करते, अधूनमधून फ्रीजही.

मालक म्हणाले, "तुमच्या शब्दावर देतो, कप्तान. तपासनिसाने पास केलं तर बाकीच्या चार बोटीही तिच्या. नाहीतर तिने आपले फ्रीज सांभाळावेत."

तिला प्रत्येक रडारचं पुढच्या टोकापासूनचं अंतर हवं होतं. मी स्वतः फीत धरून मोजलं. एक सकाळी सालामिनाच्या धक्क्यावर, दुसरं दुपारी पेरामाला पोचल्यावर. दोन्ही तीस मीटर.

"काका, दोन्ही सारखीच कशी?"

"बोट कोण ओळखतं, तू की मी?"

तिने तेच आकडे भरले.

गुरुवारी सकाळी प्रवासी न घेता निघालो; बोटीवर फक्त मालक, तपासनीस, लेमोनिया आणि मी. पडदा लागला. एका बोयाचे दोन बोये, एका होडीच्या दोन होड्या. मालक तपासनिसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फ्रीजच बरे होते."

लेमोनिया पडद्यावर वाकली. तिने एका जोडीतलं अंतर मोजलं, मग दुसऱ्या जोडीतलं.

"सगळीकडे तीसच. दोन्ही रडार एकाच जागी उभी आहेत असं यंत्र धरून चाललंय." ती माझ्याकडे वळली. "काका, सकाळी कुठून मोजलंत?"

"पुढच्या टोकापासून."

"आणि दुपारी?"

"पुढच्याच..." दुपारी आम्ही पेरामाला होतो, परत निघायच्या बेतात. पुढचं टोक तोवर बदललं होतं. तिला ते माझ्याआधी कळलं होतं. तरी ती तपासनिसांना म्हणाली, "आकडा मी चुकीचा भरला, साहेब."

माझ्यासाठी पोर स्वतःच्या चार बोटी बुडवत होती. मला ते सहन होईना.

"खोटं बोलतेय ती. आकडा माझा. तिने विचारलं होतं, मी तिला दटावलं. तसं लिहा."

तपासनीस बेटावरचेच. गालात हसले. "माझा बापही सपातेवरच होता. त्याचंही पुढचं टोक दुपारी बदलायचं."

बोट नव्वद मीटरची; पेरामाकडचं टोक कायमचं पुढचं धरून तिने दुसऱ्या रडारला साठ भरले. पडद्यावरच्या जोड्या सरकल्या आणि एकमेकींत मिसळल्या. एक बोया, एक होडी.

"कप्तान, धुराड्यामागे काय आहे?" तपासनिसांनी विचारलं.

चौतीस वर्षं मी अशा वेळी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबत आलोय. आज खिडकीकडे पाठ करून पडद्यात पाहिलं. "एक होडी. दोनशे मीटर. जागची हलत नाहीये."

ते स्वतः मागे जाऊन बघून आले. एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. मालक खाली बघत म्हणाले, "बाकीच्या चार कधी सुरू करतेस?" माझी छाती इतकी फुगली की कोट तंग झाला.

धक्क्याला लागल्यावर लेमोनियाने पांढरा रंग मागितला आणि पेरामाकडच्या टोकावर हातभर अक्षरांत लिहिलं: पुढचं टोक.

आता रोज कुणीतरी प्रवासी हसत विचारतो, हे कुणासाठी लिहिलंय? मी सांगतो, माझ्यासाठी. माझ्या पुतणीने लिहिलंय.