चारची कवायत

“आणखी वर. अजून थोडे. बस, तिथंच राहू दे.”

राहीचे हात खांद्याच्या रेषेपर्यंत आले आणि अडकले. बोटं थरथरत होती. सोनूबाईंनी तोंडानं पाच आकडे मोजले आणि म्हटलं, “आता सोड.” हात खाली पडले, कुणीतरी वरून टाकून दिल्यासारखे.

ओटीवर सुपारी सोलत बसलेल्या राहीच्या सासू नीराबाई म्हणाल्या, “बगा मास्तरीणबाई, एवढंच. अंगाचं लाकूड झालंय हिच्या. चार महिने झाले, साधी कळशी उचलवत न्हाय.”

“आजच्यापुरतं एवढं पुष्कळ आहे, मावशी,” सोनूबाई म्हणाल्या.

चौलच्या मुलींच्या शाळेत सोनूबाई कवायत आणि शिवण शिकवत. वय चाळिशीला आलेलं. नऊवारीचा घट्ट कासोटा आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, असा त्यांचा वेश. शाळेत लागून सात वर्षं झाली तरी ते बूट बघून बायका पदराआड हसत. त्यांचे वडील रावजी पेणला तालीम चालवत. एकुलत्या एका मुलीला त्यांनी लाठी, लेझीम सगळं शिकवलं होतं. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, तेव्हा रावजी सांत्वनाचा एक शब्दही बोलले नाहीत. रोज सकाळी तिच्या हातात लाठी द्यायचे आणि म्हणायचे, “रडायचं तर रड. पाय थांबवू नको.” वर्षभर ती रडत रडत लाठी फिरवत राहिली. वर्षानंतर तिच्या लक्षात आलं, की आपण जगलो आहोत.

पुढे सरकारी शिबिरात दोन महिने काढून सोनूबाईंनी कवायतीचा दाखला मिळवला. पण खरं शिक्षण झालं ते त्या लाठीनं, असं त्या मानत. मनाला काही झालं तर अंगाला कामाला लावावं, मन आपोआप मागून येतं, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

राहीकडे त्या येऊ लागल्या त्या नीराबाईंच्या सांगण्यावरून. राहीचं पहिलं मूल चार दिवसांचं होऊन गेलं होतं. त्यानंतर तिची कंबर धरली, हात आखडले. वैदूचं तेल झालं, शेक झाला, उपयोग शून्य. शाळेतल्या पोरींचं अंग ही बाई मोकळं करते, तर सुनेचंही करील, असं नीराबाईंच्या मनानं घेतलं. त्यासाठी त्या महिन्याला दोन शहाळी आणि शेरभर सुपारी देणार होत्या. सोनूबाई म्हणाल्या, “सुपारी मी खात नाही. शहाळी चालतील.”

शाळा सुटली की सोनूबाई वाडीत यायच्या. बरोबर चारला त्या वाडीच्या बेड्यावर, म्हणजे बांबूच्या फाटकावर, दोनदा टकटक करत. नारळी-पोफळींची ती वाडी, मधे विहीर, विहिरीवर बैलाचा रहाट. पहिले काही दिवस नुसता श्वास. मग मान. मग हात. राही सांगितलेलं सगळं करायची, पण हूं की चूं नाही. शाळेतल्या मुली निदान चुकायच्या तरी. ही चुकायचीसुद्धा नाही. बाहुली वळवावी तशी वळायची.

नवव्या दिवशी सोनूबाईंना राहवलं नाही. त्यांनी आपली सगळी हकीकत राहीला सांगितली, नवऱ्याची, लाठीची, वडिलांची. आणि शेवटी म्हणाल्या, “म्हणून सांगते गो, रडायचं तर रड, पण पाय थांबवू नको.”

राहीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती माजघरात भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. नीराबाई तिला उठवू लागल्या तशी सोनूबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. आपलं काहीतरी चुकलं हे त्यांना समजलं होतं, काय ते समजत नव्हतं. शाळेत एखादी मुलगी रुसली तर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. इथे काय करावं? परत जाणं बरं वाटेना. त्या उंबऱ्याशी बसल्या. अर्धा तास काही बोलल्या नाहीत. साडेचारला उठल्या आणि म्हणाल्या, “राही, मी उद्या येते.”

त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा राही अंगणात उभी होती. वेणी घातलेली नव्हती, पण उभी होती.

त्या दिवसापासून सोनूबाईंनी शिकवणं बंद केलं. “चल, नुसत्या चालू या,” त्या म्हणाल्या.

दुपारचं शिंपण चालू असायचं. राहीचा नवरा बाळाजी बैलाला जुंपून रहाट चालू करून द्यायचा आणि पाटाचं पाणी फिरवायला पलीकडे जायचा. बैल आपल्या चालीनं विहिरीभोवती गोल फिरत राही. त्याच्या मागोमाग या दोघी. बैलाला घाई नव्हती, म्हणून यांनाही नव्हती. मातीचे लोटे भरून वर येत आणि पन्हळीत रिकामे होत. बोलणं नाहीच. पण पाचव्या-सहाव्या दिवशी राहीच्या पावलांना थोडं वजन आलं. सोनूबाई मनातून खूश झाल्या.

वीस वर्षं त्यांचे डोळे माणसांच्या हातापायांवर होते. कुणाचा गुडघा दुखतो, कोण उपाशी आलंय, कोण घरी मार खाऊन आलंय, हे त्यांना चालीवरून कळायचं. म्हणूनच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. प्रत्येक फेरीत विहिरीचा काठ जिथे खचून कमी उंचीचा झाला होता, तिथे राहीचा श्वास थांबायचा. डावा पाय हलका पडायचा. तेवढी जागा ओलांडली की श्वास पुन्हा चालू. पहिल्या दिवशी त्यांना तो भास वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोजलं. अकरा फेऱ्या, अकराही वेळा तसंच.

त्यांनी बैल थांबवला. रहाटाची करकर बंद झाली आणि वाडीत एकदम शांत झालं.

“राही, विहिरीत काय बघतेस?”

“काय न्हाय.”

“मला सांग. मी रागावणार नाही आणि घाबरणारही नाही.” यातलं दुसरं खोटं होतं.

राहीनं खचलेल्या काठाकडे पाहिलं. मग म्हणाली, “तितं गार हाय. कोन हाका मारीत न्हाय.”

“उडी टाकावीशी वाटते?”

असं थेट विचारावं की नाही, हे सोनूबाईंना कुणी शिकवलेलं नव्हतं. शब्द तोंडून निघून गेले होते. राहीनं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, जणू हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती वाट बघत होती.

“व्हय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“त्यो गेला तवापासनं. रोज.”

सोनूबाईंनी हात पदरात गुंडाळले. “मग... मग थांबलीस कशी?”

राहीनं विचार केला. हिशेब आठवावा तसा खरोखर विचार केला.

“आदी सासूच्या भयानं. आन आता तुमी चारला येता,” ती म्हणाली. “तुमी बेडं वाजवाल आन मी नसन, तर बरं दिसायचं न्हाय.”

सोनूबाई खाली बसल्या. आपण हिचे हात वर करायला येत होतो. दोन शहाळ्यांवर येत होतो. आणि ही बाई रोज सकाळी उठून, एवढं मरण छातीवर घेऊन, चूल पेटवून, गोठा झाडून चार वाजेपर्यंत पोचत होती. का? तर आलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नये म्हणून. केवढी ताकद ही! पेणच्या तालमीत त्यांनी तीन-तीन मणांचे गडी एकमेकांना उचलताना पाहिले होते. एवढं ओझं उचललेलं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं.

“राही,” त्या म्हणाल्या, “हे मी पोटात ठेवणार नाही. बाळाजीला सांगणार. पण तुझ्या माघारी नाही, तुझ्यासमोर.”

“मला ठान्याला धाडतील. येड्यांत.”

“मी सोबत असेन. तुला न विचारता कुणी कुठे धाडणार नाही.”

बाळाजी पाटाकडून आला, खांद्यावर कुदळ. सोनूबाईंनी जे होतं ते तीन वाक्यांत सांगितलं. तो ऐकत राहिला. मग कुदळ खाली ठेवून बायकोपुढे उकिडवा बसला आणि लहान पोरासारखं म्हणाला, “मला का न्हाय सांगितलंस गो?”

“तुमी त्येचं नावच काडत न्हाय,” राही म्हणाली.

बोलणं ऐकून ओटीवरून आलेल्या नीराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “बाहेरचं हाय हे! भगताकडं न्या तिला.”

“मावशी, तुम्ही मला अंग मोकळं करायला बोलावलंत,” सोनूबाई म्हणाल्या. “हातपाय मला कळतात. याच्या पुढचं मला कळत नाही. मी माझ्या मनानं सांगायला गेले आणि एकदा चुकले. ज्याला कळतं त्याच्याकडे न्यायला हवं. अलिबागेत डॉक्टर आहेत.”

नीराबाई रडत राहिल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. दिवेलागणीच्या आत बाळाजीनं पोफळीचे ओंडके फोडून विहिरीचं तोंड झाकलं. रहाटाला लागेल तेवढीच फट ठेवली. तो फळ्या ठोकत होता तेव्हा राही ओटीवर बसून बघत होती, आणि सोनूबाई तिच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी सोनूबाईंनी शाळेत रजा टाकली. तिघं एसटीनं अलिबागला गेली. डॉक्टर म्हातारे होते, कानानं थोडे कमी. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि राहीला म्हणाले, “बाळाबद्दल सांग.” राहीनं बाळाजीकडे पाहिलं. बाळाजीनं मान हलवली. मग ती बोलत गेली आणि डॉक्टर कानामागे हात धरून ऐकत राहिले. बाहेर रोग्यांची रांग वाढत होती.

“अंगात रक्त नाही,” शेवटी ते म्हणाले. “आणि बाळंतपणानंतर मन असं खचतं कधी कधी. त्यात मूल गेलेलं. वेड नव्हे हे. औषध देतो. दर पंधरा दिवसांनी हिला घेऊन यायचं. एकटी ठेवायची नाही.” मग सोनूबाईंच्या बुटांकडे बघत म्हणाले, “ती कवायतवाली बाई तुम्हीच का? तुमचं चालू ठेवा. बंद करू नका.”

राही बरी व्हायला पुढे दीड वर्ष लागलं. मधे दोनदा ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. दोन्ही वेळा बाळाजीच आधी ओळखून अलिबागला घेऊन गेला. सोनूबाई त्या दीड वर्षात पेणलाही गेल्या नाहीत, ऐन गणपतीतसुद्धा. शाळेतही त्यांच्यात फरक पडला. एखादी मुलगी कवायतीत मागे राहिली की पूर्वी त्या शिट्टी वाजवत. आता जवळ जाऊन हळूच विचारत, “काय गो, काय झालं?”

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी अलिबागहून परतताना राही एसटीतच म्हणाली, “बाई, मला चालायचं हाय.” तिघं नागावला उतरली. बाळाजी औषधाची बाटली सांभाळत सडकेनं पुढे गेला, आईला सांगायला. या दोघी किनाऱ्यानं निघाल्या. ओहोटी होती. वाळू ओली, घट्ट, लांबवर चकचकत पसरलेली.

थोडं चालल्यावर राही थांबली.

“त्येचं बारसं झालं न्हवतं,” ती म्हणाली. “पन मी मनात मोरू म्हनायची.”

“मोरू,” सोनूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते नाव राहीनं पहिल्यांदाच ऐकलं. ती तशीच पाण्याकडे चालू लागली. सोनूबाई दहा पावलं मागे राहून तिच्याबरोबर गेल्या. पाणी घोट्याला लागलं तिथे राही मागे फिरली, चार पावलं येऊन पाण्याबाहेर वाळूवर बसली आणि रडू लागली. इतक्या महिन्यांचं ते रडणं पोटातून येत होतं, पाठीतून, सगळ्या अंगातून. सोनूबाईंनी तिच्या पाठीवरून नजर काढली. हे आपण शिकवलेलं नाही, शिकवता आलंही नसतं, एवढंच त्यांना वाटलं. त्या तिच्या आणि पाण्याच्या मधे, हात पोचेल एवढ्या अंतरावर, पाठमोऱ्या बसल्या.

केवड्याच्या बनाकडून ठमाबाई कोळीण येत होती, मासळी विकून, रिकामी पाटी डोक्यावर. तिनं पाहिलं आणि लगबगीनं जवळ आली.

“कोन गो ती? काय झालं?”

“आमची राही,” सोनूबाई म्हणाल्या. “तिच्या मोरूसाठी रडतेय.”

ठमाबाईनं डोक्यावरची पाटी वाळूवर उतरवली आणि सोनूबाईंच्या शेजारी, तशीच पाठ करून बसली. भरती सुरू झाली होती. पाणी दोघींच्या पावलांपाशी आलं, तेव्हा दोघी बसल्या बसल्याच थोड्या मागे सरकल्या, आणि राहीचं होईपर्यंत उठल्या नाहीत.