शनिवारचा सराव

चामराजपेटच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये सकाळचे ऊन आधी भिंतीच्या वरच्या कडेला टेकते. मग ते चुन्याच्या पोपड्यांवरून सावकाश उतरते, बाकांच्या पाठी एकेक करून उजळते, हवेतली धूळ दाखवते आणि बराच वेळ घेऊन माझ्यापर्यंत येते. त्याची वाट पाहणारे इथे आता दुसरे कोणी नाही.

मित्रांनो, मी एक जुने व्यासपीठ आहे, फणसाच्या लाकडाचे. उमाकांत अण्णा या सुताराने मला घडवले. मराठी मंडळीचे पाळक सयाजीराव उंचेपुरे. माझी उंची त्यांच्या छातीच्या मापाने ठरवली. रविवारी त्यांचा उपदेश ऐकून लोक डोळे पुसत, जाताना माझ्या कडेवरून हात फिरवत. मला अभिमान वाटे.

शनिवारी पाळकसाहेब तरुणांना सेवेसाठी तयार करत. शिकणाऱ्याने रिकाम्या बाकांना उपदेश करायचा आणि साहेबांनी शेवटच्या बाकावरून चुका सांगायच्या. रविवार मात्र कुणालाच मिळाला नाही. निहार कंटाळून नोकरीत गढून गेला. तनयही यायचा थांबला. मैत्रेयी राहिली. ती ठेंगणी, माझ्यामागून तिचे कपाळ तेवढे दिसे.

"पाळकसाहेब, पायाखाली पाट घेऊ का?"

"पाट जेवायला असतो, बाळ."

"मग या रविवारी पंगतीला बसवा मला. किती दिवस उपाशी ठेवणार?"

ते हसले. "स्वल्प थांब. अजून तयार नाहीस तू."

पुढे अर्धांगवायूने साहेबांची वाचा गेली. तरीही रविवारी त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणले. उपदेशाची वेळ झाली तशी मैत्रेयी उठली आणि माझ्याकडे चालू लागली. साऱ्यांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. ती अर्ध्या वाटेवरून परतली. उपदेशाविनाच लोक घरी गेले.

हळूहळू बाक ओस पडले. मैत्रेयी बनशंकरी भागातल्या मंडळीत गेली. साहेब वारले, तेव्हा प्रार्थनेला बाहेरून पाळक बोलवावा लागला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची निगा राखा. पण उद्या तुम्ही कुणाला शिकवाल, तेव्हा आपला आवाज शाबूत असतानाच त्याला आपल्या जागी उभे करा. तो चुकेल, तर भरल्या बाकांसमोर चुकू द्या.

साहेबांचेच बरोबर होते, असे मला इतकी वर्षे म्हणावेसे वाटे. पण शनिवारी तिला माझ्याइतके जवळून कुणीच ऐकले नव्हते. मैत्रेयी तयार होती.