मेणाचा उजवा हात

मी हात बोलतोय. मेणाचा, उजवा, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत वीतभर लांब. ज्याचं जे दुखतं त्याचा मेणाचा आकार घेऊन लोक चर्चमध्ये मारियामातेपुढे ठेवतात. कुणी पाय ठेवतं, कुणी डोळे, कुणी बाळ. घर नसलेली माणसं मेणाचं घरसुद्धा ठेवतात. त्यातलाच मी एक.

माझा जन्म चिखलीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. शेजारच्या गाळ्यात दिवसभर लेथ मशीनची करकर आणि इकडे चिमाबाईंची मेणाची कढई. साच्यात मधोमध वात ताणायची, वरून गरम मेण ओतायचं, गार झालं की साचा उकलून ब्लेडनं कडा तासायच्या, हे त्यांचं काम. माझी बोटं तासताना त्या म्हणाल्या, "जा रं बाबा, कुनाचं तरी दुखनं हलकं कर." मला वाटलं, त्यात काय एवढं!

टोपलीतून मी कासारवाडीच्या चर्चच्या फाटकाशी आलो. तिथं मला घेतलं निशिगंधानं. ती लातूरकडची. नवरा रविराज चाकणच्या एका कंपनीत पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर कामाला. चर्चला ती पहिल्यांदाच येत होती. चाळीतल्या शेजारणीनं सांगितलं म्हणून आली. आत सगळे चपला घालूनच होते, हिनं मात्र पायरीवर काढल्या. मला दोन्ही हातांत धरून ती वेदीसमोर आली आणि पुढं काय करायचं ते न कळून तशीच उभी राहिली.

वेदीची निगा राखणारे सयाजीमामा जवळ आले. "कुणाचा हात, ताई?"

"मालकांचा. प्रेसमधी गेला. माल लवकर निघावा म्हणून हात आत असला की मशीन थांबवनारा सेन्सर बंद ठिवलता म्हणं. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला." मग तिनं विचारलं, "हे पेटवायचं असतंय का?"

"हो. मेणबत्ती स्वतः झिजते आणि दुसऱ्याला उजेड देते. आमचा प्रभूही तसाच झिजला, म्हणून ही ज्योत म्हणजे तोच, असं आम्ही मानतो. तुम्ही घरी गेलात तरी तुमची प्रार्थना ज्योतीच्या रूपानं इथं चालू राहते."

निशिगंधानं मला निरखून पाहिलं. माझी वात मधल्या बोटाच्या टोकातून बाहेर आली होती.

"म्हंजे आधी बोटंच वितळणार?"

मामांनी मान डोलावली.

"मग नका लावू, मामा. राहू द्या असंच."

असा मी न पेटताच राहिलो. माझ्या आजूबाजूला रोज पन्नासेक मेणबत्त्या जळून जायच्या. परीक्षेच्या दिवसांत त्यांची गर्दी व्हायची. कुणी आपली मेणबत्ती दुसऱ्याच्या ज्योतीवर पेटवून घ्यायचं आणि शेजाऱ्याला मान तुकवायचं. कुणी फोटो काढून लगेच निघायचं. बाळाचा बाप्तिस्मा झाला की वेदीजवळच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी पेटवून बापाच्या हातात देत. माणूस गेला की तीच मोठी मेणबत्ती त्याच्या शवपेटीजवळ उभी करत. येणाऱ्यालाही उजेड आणि जाणाऱ्यालाही. माझ्यावर मात्र धूळ बसत होती.

निशिगंधा दर बुधवारी यायची. आधी ती मागायची, जखम भरू दे. जखम भरली. मग म्हणू लागली, कंपनी परत घेऊ दे. कंपनीनं घेतलं नाही. एका ठेकेदारानं दुसरीकडं गेटवर वॉचमन म्हणून बसवायचं कबूल केलं होतं, पण तिथल्या साहेबानं हात बघितला आणि म्हणाला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बरं दिसत नाही. त्यानंतर निशिगंधा एवढंच मागायची, मालकांनी दोन घास खावेत. शेवटी शेवटी तर नुसतं, "बोलू दे त्यांना."

एका बुधवारी ती रविराजला घेऊन आली. तिशीतला माणूस, दाढी वाढलेली, उजवा हात पँटच्या खिशात. तिनं बोटानं मला दाखवलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"पाची बोटं शाबूत हायेत की," तो म्हणाला. "ह्याला घेतील कामावर."

"असं नका बोलू हो."

"काडेपेटी द्या, मामा."

त्यानं खिशातला हात काढला आणि काडेपेटी त्या हातानं छातीशी दाबून धरली. डाव्या हातानं काडी ओढताना पेटी निसटली, काड्या फरशीवर पसरल्या. मामा वाकले. "राहू द्या!" तो ओरडला. चर्चमधली माणसं वळून बघू लागली. गुडघ्यावर बसून त्यानं एकेक काडी वेचली. मग डाव्या हातानं मलाच उचललं आणि शेजारच्या मेणबत्तीवर तिरकं धरलं.

मी पेटलो. ज्या क्षणाची मी एवढी वाट पाहिली तो असा आला. मधलं बोट आधी गेलं, मग त्याच्या बाजूची दोन वाकून खाली आली, शेवटी करंगळी गळून पडली. अंगठा बाजूला होता, तो वाचला. रविराज पापणी न हलवता बघत होता. चौथं बोट पडताच त्यानं फुंकर मारून मला विझवलं.

"आता बराबर झालं," तो म्हणाला आणि बाहेर पडला. निशिगंधा त्याच्यामागं धावली.

पुढचे दोन बुधवार ती आली नाही. आज दुपारी आली ती एकटी, धापा टाकत.

"मामा, मालक इकडं आलते का?"

"नाही गं पोरी. का?"

"आठ दिस झाले. चहा पिऊन येतो म्हणून गेले. चौकीत फोटो दिलाय. गावाकडं न्हाईत, पिंपरीच्या दवाखान्यात न्हाईत, कुठंच न्हाईत."

मामांनी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. ती उठली आणि माझ्यासमोर आली. मामांकडून काडेपेटी घेऊन तिनं स्वतः काडी ओढली आणि माझ्या तळहातातून वर आलेली वात पेटवली. यावेळी ती काहीच मागत नव्हती. ओठसुद्धा हलले नाहीत. मग जाऊन बाहेरच्या पायरीवर बसली.

तेव्हापासून मी जळतोय. आता संध्याकाळची प्रार्थना संपत आली आहे. तळहात गेला, अंगठाही गेला. राहिलंय ते मनगट. माझ्या उजेडानं आजवर कुणाचं काही भलं झालं असेल असं मला वाटत नाही. ज्योत असते तेवढ्यापुरतं दिसतं, एवढंच मला कळलं. आणि मला दिसते ती पायरीवर बसलेली एक बाई.

तुमचे पाय चालते आहेत. चाकणच्या चौकात, एखाद्या टपरीमागं, स्टेशनच्या बाकावर उजवा हात खिशात घालून बसलेला माणूस दिसला, तर त्याला हात बाहेर काढायला लावू नका. कुठं काम करतोस तेही विचारू नका. एवढंच सांगा, की निशिगंधा कासारवाडीच्या चर्चच्या पायरीवर बसली आहे.

फाटक आठला बंद होतं.