न चाखताच छान

मित्रांनो, मी एक जुने लाकडी पिंप आहे. द्राक्षांच्या एका मळ्यात, छपराखाली, जेवणाच्या लांब टेबलाशेजारी आडवे पडलेले असते. पोट मोठे, कमरेला लोखंडी पट्टे आणि पोटात वाइन. तुमच्यापैकी जे लहान आहेत त्यांचा माझ्या पोटातल्या मालाशी काही संबंध नाही, त्यांनी नुसती गोष्ट ऐकावी. मोठ्यांनी मात्र जरा कान देऊन ऐकावी, कारण जे माझ्या मनाला लागून राहिले आहे ते त्यांच्या कामाचे आहे.

मूळचे मी एका थोराड झाडाचे लाकूड. पिंपे बनवणाऱ्या सुताराने माझ्या फळ्या उन्हापावसात वाळवल्या, जाळावर धरून वाकवल्या आणि पट्ट्यांत आवळल्या. मग पाणी भरून कुठे पाझरते का ते बोटाने चाचपून पाहिले. तोंडातून कौतुकाचा एक शब्द काढला नाही. मला तेव्हा राग आला होता.

मळ्यावर थोरले मालक होते तोपर्यंत माझे बरे चालले. लाकूड थोडी थोडी वाइन पिते, त्यामुळे पिंपात वरच्या अंगाला जागा रिकामी होते. त्या जागेत हवा शिरली की आतला सगळा माल आंबतो. म्हणून बूच काढायचे, वास घ्यायचा, थेंबभर चाखायची आणि काठोकाठ भर घालायची, असा थोरल्या मालकांचा शिरस्ता होता. ते गेले आणि मळा मुलाकडे आला. मुलगा वाईट नाही हो, चांगला हसतमुख माणूस आहे. त्याने शेतातल्या भाज्या शेतातच शिजवून पाहुण्यांना वाढायचे सुरू केले. शहरातून माणसे येऊ लागली. जेवणाआधी तो त्यांना माझ्याजवळ आणायचा, माझ्या पोटावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हे आमचं म्हातारं. यातली वाइन कधी बिघडायची नाही." पाहुणे माझे फोटो काढायचे. मी फुगून जायचे. या सगळ्या धावपळीत बूच काढायचे मात्र राहून गेले. आज राहिले, उद्या राहिले, मग कोणाला आठवलेच नाही.

मी आंबू लागले ते मला कळत होते. बोलता येत नाही हे खरे, पण बोलता आले असते तरी मी बोलले असते का, याची मला खात्री नाही. कौतुकाची चटक फार वाईट.

अशातच एका दिवशी ते जोडपे आले. तो घड्याळे दुरुस्त करणारा, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत; डोळ्याला भिंग लावून लावून एका भुवईला कायमचा बाक आलेला. ती डबे करून देणारी. तो तिला सुगरण म्हणायचा, हाका मारतानासुद्धा. ती दोघे जेवायला आली होती खरी, पण नुसती जेवायला नव्हे. मळ्याचा आचारी सोडून चालला होता आणि मालकीणबाईंनी सुगरणीला सांगितले होते की आजचे सूप तुम्ही करा, पाहुण्यांना आवडले तर हे स्वयंपाकघर तुमचे. त्यासाठी ती दुपारपासून आत होती. लाल भोपळा मळ्यातलाच होता. ती पुन्हा पुन्हा पातेल्याचे झाकण उघडून पाहत होती, हे मला खिडकीतून दिसत होते.

"मला घाबरल्यावर चवच कळत नाही," तिने खिडकीतून बाहेर त्याच्यापुढे चमचा धरला. "मीठ बघा हो जरा."

त्याने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाला, "तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. पदराला हात पुसून ती बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली.

उन्हे कलली तसे पाहुणे टेबलाभोवती जमले. मालकाने रीतीप्रमाणे माझ्या पोटावर थाप मारली, आज प्रथमच तोटी सोडली आणि पहिला पेला घड्याळजींच्या हातात दिला. आज त्यांच्या घरचा हात स्वयंपाकाला लागला आहे, तेव्हा मान त्यांचा, असे म्हणाला आणि समोरच उभा राहिला. घड्याळजींनी आधी इकडेतिकडे पाहिले. बाकी कोणाचाच पेला भरलेला नव्हता. मग त्यांनी घोट घेतला.

"वा," ते म्हणाले. "काय गोड आहे. अगदी मधासारखी."

मालक खूष झाला. पुढचा पेला एका डॉक्टरीणबाईंना दिला. त्यांनी घोट घेतला आणि सरळ गवतावर थुंकला. त्यांच्या नवऱ्याने हुंगूनच तोंड वाकडे केले. मालकाने स्वतः चाखून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. मी आंबटढाण झाले होते, मित्रांनो. लोणचे घालावे इतके. कोणीतरी हसून म्हणाले की घड्याळजी फारच सभ्य दिसतात. सगळे हसले, घड्याळजीही हसले.

सुगरण हसली नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती. मग उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिने पातेल्यातले सूप चमच्याने तोंडात घातले, आणि तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मीठ दोनदा पडले होते.

लाज वाटायला तिला वेळ नव्हता. तिने उरलेला भोपळा चिरून उकडायला टाकला, बटाटे टाकले, दूध ओतले, आणि दर थोड्या वेळाने स्वतः चाखत राहिली. मालकीणबाई बाहेर पाहुण्यांना पाव आणि काकडी देऊन गप्पांत गुंतवत होत्या. सूप उशिराच आले. पाहुण्यांनी ते मुकाट्याने खाल्ले. दोघांतिघांनी परत मागितले. मालकीणबाईंनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा या, असे सांगितले, आणि विचारले की चव कोण बघणार आहे? "मीच," सुगरण म्हणाली.

मग पाहुणे द्राक्षांच्या रांगांमधून फिरायला गेले आणि ती दोघे माझ्याजवळच्या बाकावर उरली. घड्याळजींची मान खाली होती.

"कधीपासून?" तिने विचारले.

"तापातून उठलो तेव्हापासून. वास नाही, चव नाही. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं."

"आणि रोज मला छान म्हणत होतात."

मग हळूहळू त्यांनी सांगितले. एका समारंभातला स्वयंपाक फसला होता आणि तिने त्यानंतर कित्येक महिने डावाला हात लावला नव्हता. तुम्ही चाखाल तरच करीन, या अटीवर ती पुन्हा चुलीपुढे उभी राहिली होती. आता जीभच गेली हे सांगितले तर ती पुन्हा हात आखडेल, अशी त्यांना भीती वाटली. म्हणून ते तिच्या चेहऱ्याकडे पाहून चव सांगत राहिले. आज तिचा चेहरा नुसता घाबरलेला होता, आणि वाइन तर त्यांच्याआधी कोणी चाखलेलीच नव्हती.

"मी तुझं नुकसानच करत होतो," ते म्हणाले. "मला रोज टोचत होतं. रोज ठरवायचो, आणि तू चमचा पुढे केलास की धीर व्हायचा नाही."

"मला वाटायचं, मी जमवतेय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "त्यातलं खरं किती आणि तुमचं किती, हे आता मी कुठे शोधू?"

आंबट मी झाले होते, थुंकून टाकले होते ते मला, तरी गुपित माझ्यामुळे फुटले म्हणून मला त्या माणसासमोर अपराधी वाटत होते आणि त्याच्या बायकोसमोर त्याहून जास्त.

मग तिने आपल्यापुढचा वाडगा उचलला. तिने सुपाला हातही लावला नव्हता. त्यातला एक चमचा तिने त्यांच्यापुढे धरला.

"सांगा."

"मला कळत नाही गं," ते म्हणाले.

"गरम आहे की गार, तेवढं तर कळतं?"

त्यांनी चमचा तोंडात घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत, तिच्या चेहऱ्याकडेही पाहिले नाही. "गार झालंय," ते म्हणाले. "आणि भोपळ्याची एक फोड कच्ची राहिली आहे."

तिने वाडग्यातली तशीच एक फोड बोटाने दाबून पाहिली. खरोखरच कच्ची होती. "हां," ती म्हणाली, आणि वाडगा घेऊन आत गरम करायला गेली. घड्याळजी तिच्या मागोमाग उठले.

दुसऱ्या दिवशी मालकाने मला रिकामे केले. आतून धुतले, खूप वेळ हुंगले आणि चूक आपली आहे असे मोठ्याने म्हणाला. आता माझ्यात पुन्हा काही भरायचे की नाही, ते ठरलेले नाही. पण मित्रांनो, ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्यांच्या पोटावर नुसती थाप मारून पुढे जाऊ नका. छान म्हणायची घाई नको. आधी बूच काढा.