कोशिंबिरीत भर कोण घालतं?

साबातिनो ही पैज जिंकला तर त्याला काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. स्वतःचा पलंग, गल्लीकडची खिडकी, दुपारी माझ्याशी पत्ते आणि त्या पत्त्यांत लबाडी करायची मोकळीक. हरला तर पार उत्तरेतलं नोवारा. तिथे मुलगा आनिएल्लो, सून ऑर्नेला, पाचव्या मजल्यावरची एक खोली आणि धुकं.

त्याची बायको तितीना मार्चमध्ये गेली. शेहेचाळीस वर्षांचा संसार. त्यामुळे नाताळला आनिएल्लो ऑर्नेलासह नेपल्सला आला तो बापाला बरोबर घेऊनच परतायचं, असं ठरवून. चोवीस तारखेच्या जेवणाला आम्हीही होतो, समोरच्याच दारातले म्हणून. साबातिनोने कॉड मासा तळला होता, शिंपल्यांतली स्पॅगेटी केली होती आणि माझ्या बायकोला, नुन्झियाला, विचारून विचारून आयुष्यात पहिल्यांदा भरीची कोशिंबीर केली होती. उकडलेला फ्लॉवर, ऑलिव्ह, खारवलेली बारीक मासळी, व्हिनेगरमध्ये मुरलेल्या गोल मिरच्या. ही आमच्याकडे नाताळच्या आदल्या दिवशी होते आणि सहा जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत, टेबलावरून हलत नाही. जितकी खाल्ली जाते तितकी भर पडते, म्हणून भरीची.

आनिएल्लोने भांड्याकडे बोट दाखवलं. "पप्पा, आई असताना हे राजांच्या सणापर्यंत कधी रिकामं दिसलं नाही. तुमचं रिकामं झालं तर मुकाट्याने बॅग भरायची. कबूल?"

"आणि नाही झालं तर?"

"तर वर्षभर नोवाराचं नाव काढणार नाही."

"आण हात इकडे," साबातिनो म्हणाला. "अरे, ही कोशिंबीर पुरते. पुरतेच."

त्या 'पुरते'ने माझ्या डोक्यात घर केलं. सव्वीसला दुपारी पत्ते पिसताना मी विचारलं, "फ्लॉवर आणलास का?"

"कशाला? परवाच केली की."

"आणि भर?"

"ती पडते."

"पडते म्हणजे?"

"पडते! शेहेचाळीस वर्षं पडतेय. पत्ता टाक."

मी पोट धरून हसलो आणि घरी येऊन नुन्झियाला सांगितलं. ती हसली नाही. "आणि आपल्या भांड्यात कोण भरतं हो?"

मी आमच्या भांड्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर, ती सुरुवातीलाच भरपूर करते अशी माझी समजूत होती.

"एका मजल्यावर असले दोन-दोन भोळे," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी साबातिनोचं भांडं निम्म्यावर आलेलं मी स्वतः पाहिलं. आनिएल्लो नुसता खात नव्हता, उपसत होता. सत्तावीसला सकाळी गेलो तर काठोकाठ भरलेलं.

"म्हटलं नव्हतं?" साबातिनो म्हणाला.

मग मला चैन पडेना. नुन्झिया म्हणाली, "मी मिरच्यांची एक बरणी दिली. मागितली म्हणून."

"कोणी मागितली?"

"तुम्ही पत्ते खेळा."

वरच्या मजल्यावरच्या विधवा एर्मेलिंदाचा साबातिनोवर डोळा आहे, असा माझा जुना अंदाज. तिला जिन्यात गाठलं.

"ऑलिव्ह दिले, हो," ती म्हणाली. "पण चोरून भरायला मी कशाला जाईन? मला त्या घरात जायचं असेल तर पुढच्या दाराने, केस करून जाईन."

तीस तारखेला सकाळी सातला, साबातिनो पाव आणायला उतरलेला पाहून, मी कॉफी मागायच्या निमित्ताने आत शिरलो. आनिएल्लो घोरत होता. स्वयंपाकघरात ऑर्नेला बाह्या सरसावून गरम फ्लॉवरची फुलं सुटी करत होती.

"दार लावा काका, वास जिन्यात जातो."

"सूनबाई, तू? नवऱ्याविरुद्ध?"

"हळू बोला."

"पण तुझा यात काय फायदा?"

"फायदा?" तिने व्हिनेगर शिंपडलं. "पप्पा इथे जिना उतरले की सात जण हाक मारतात. आमच्या लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. मग ते दिवसभर कोणाशी बोलतील? माझ्याशी!"

"म्हणजे तुला नकोत."

"मला ते इथे असलेले हवेत," ती म्हणाली. "मीठ बघा जरा."

पाच तारखेला दुपारी तिने साबातिनोला स्वयंपाकघरात बोलावलं. आनिएल्लो बाहेर गेला होता. "तुम्हीही या काका, तुम्हालाही येत नसणार." मग तिने त्याच्यासमोर फ्लॉवरचा गड्डा ठेवला. "पप्पा, उद्याची भर तुमची. आतापर्यंत मी घातली."

साबातिनो आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. "रोज?"

"रोज."

"तितीनाही?"

"मग काय देवदूत यायचे?"

तो खुर्चीवर टेकला. फ्लॉवरची फुलं सुटी करू लागला. "मी तिला म्हणायचो, तुझ्या हाताला बरकत आहे. ती हसायची. मला वाटायचं, खूश होऊन हसते."

सहा तारखेला भांडं भरलेलं होतं. आनिएल्लोने घास घेतला आणि चघळतच राहिला. फ्लॉवर कच्चा राहिला होता.

"हे आईचं नाही."

"नाही. माझं आहे. पहाटे उठून केलंय." साबातिनोच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

आनिएल्लोने अंगठ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती ताटात बघून जेवत होती. "मीठ जास्त झालंय," तो म्हणाला आणि पुन्हा वाढून घेतलं. संध्याकाळच्या गाडीने दोघंच गेले.

आता कोणाचं काय गेलं ते पाहू. नुन्झियाच्या मिरच्यांची एक बरणी. एर्मेलिंदाचे ऑलिव्ह, आणि पुढच्या दाराचं आमंत्रण काही अजून आलेलं नाही. ऑर्नेलाची दहा दिवसांची साखरझोप. आनिएल्लोची पैज, ती कोणामुळे गेली हे त्याला कळलंय की नाही, देव जाणे. तितीनाचं काय गेलं ते साबातिनो अजून मोजतोय. पत्ते खेळताना मध्येच थांबतो. आणि मी नुसता डोकावलो होतो, तर सगळ्यात लांबलचक वसुली माझ्याकडूनच चालू आहे. राजांचा सण उलटला तरी आमचं भांडं टेबलावरच आहे, आणि त्यात भर आता मी घालतो. नुन्झिया नऊपर्यंत झोपते.