राजूरचं गाजर गवत

गाजर गवत हौसेने कुंडीत लावणारी अख्ख्या भिंगारमध्ये मी एकटीच! माझ्या सासूबाई, भामाबाई, येता-जाता टोमणे मारायच्या, "लोकं मुळासकट उपटून टाकत्यात, आमची सून त्याला ओवाळती."

पण माझी डॉक्टरेट त्याच गवतावर अडकली होती. गच्चीवर कुंड्यांच्या दोन रांगा. एका रांगेत राजूरचं बी, म्हणजे माझ्या माहेरच्या धो-धो पावसातलं. दुसरीत श्रीगोंद्याचं, कोरड्या रानातलं. प्रत्येक कुंडीत सोबतीला ज्वारीचं एक रोप. रोपं धरली की पाणी तोडायचं आणि कुठल्या गावचं गवत ज्वारीला दाबतं ते बघायचं.

पाणी तोडलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. भाजी फोडणीला टाकून गच्चीवर पळायचं, खाली यावं तर भाजी करपलेली. श्रीगोंद्याचं गवत मान टाकायला लागलं. आणि राजूरचं? हिरवंगार! ज्वारीला पार झाकून टाकलेलं. पावसाळी गवत कोरडं सोसायला शिकलं की काय! मी लगेच माझ्या मार्गदर्शकांना, राधाकृष्ण सरांना फोन केला. ते म्हणाले, उद्या बघायलाच येतो.

सर यायच्या सकाळी मी गच्चीवर गेले, तर सासूबाई तांब्या घेऊन राजूरच्या रांगेत.

"अहो आई! काय करताय हे? वाट लावलीत माझी!" मी ओरडलेच.

त्यांनी तांब्या पदराखाली लपवला. "मग काय करू? कुंडीवर तूच राजूर लिवलंय. तुझ्या माहेरचं माझ्या दारात वाळू देऊ व्हय?"

मला रडूच कोसळलं. रागाचं होतं की कशाचं, देव जाणे. माझ्या माहेरचं नाव त्यांनी आजवर कधी धड घेतलं नव्हतं.

सर आले, सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "गावांची नावं लिहायचीच कशाला? नुसते आकडे टाक आणि पुन्हा पेर."

पुन्हा पेरलं. कुंड्या मिसळल्या, आकडे टाकले, पाणी तोडलं. आईंना बजावलं, "आता थेंबसुद्धा घालायचा नाही."

"बरं बाई. पन यातलं राजूरचं कोनतं?"

"नाही सांगणार."

रात्रभर चैन पडली नाही. उजाडताच गच्चीवर धावले. सगळ्या कुंड्यांची माती ओली. सासूबाई रिकामी बादली घेऊन कठड्याला टेकलेल्या.

"तू सांगितलंच न्हाई," त्या धापा टाकत म्हणाल्या, "मग समद्यांनाच घातलं."